घटाकाश आणि पश्चिमेची भिंत

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या खोऱ्यात वसलेल्या आंजी (मोठी) या गावी वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या चौथ्या आठवड्याच्या आरंभी आणि पुन्हा जुलैच्या 20 तारखेच्या आसपास, मध्यान्हीचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडातच लोपते. जुलैमधला तो दिवस बहुधा ढगांच्या आड जातो. मेमधला मात्र नवतपाच्या तोंडावर, आकाश निरभ्र आणि भूमी तृषार्त असताना येतो, आणि त्या दिवसापासून पुढील दोन महिने सूर्य उत्तरेच्या अंगाने फिरत असल्यामुळे घराच्या दक्षिणेकडील भिंतीवर त्याचा थेट किरण जवळजवळ पडतच नाही. उन्हाळ्याचा सारा जुलूम उरतो तो छपरावर आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर; त्यांतही पूर्वेच्या भिंतीला ऊन लागते तेव्हा हवेत रात्रीच्या गारव्याची थोडीफार शिल्लक असते, पण पश्चिमेची भिंत तापते ती नेमकी तिसऱ्या प्रहरी, हवाही आपल्या परमावधीला पोहोचलेली असताना. दिवसभर शेतात राबून आलेला मनुष्य ज्या वेळी पाठ टेकू पाहतो त्याच वेळी ही भिंत दुपारी घेतलेली उष्णता आत सोडू लागते. तिने कसे वागावे, हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा आहे. माझ्या मते तो धर्मविचाराचाही आहे, आणि त्याच अंगाने मला येथे त्याचा विचार करावयाचा आहे.

आधुनिक स्थापत्याने या प्रश्नाचे एक उत्तर काढले आहे, त्याला आपण हवेशीर बाह्यावरण म्हणू. मुख्य भिंतीच्या बाहेर पाच ते दहा सेंटिमीटर, क्वचित त्याहून अधिक अंतर सोडून दगडाचे, भाजलेल्या मातीचे किंवा धातूचे दुसरे पातळ कवच एका सांगाड्यावर उभे करावयाचे, आणि मधली पोकळी तळाशी व माथ्याशी उघडी ठेवावयाची. ऊन बाहेरच्या कवचावर पडते, कवच तापते, त्याच्या स्पर्शाने पोकळीतली हवा तापून हलकी होते आणि वर चढून बाहेर पडते, व तिची जागा घेण्यासाठी तळाकडून ताजी हवा आत येते. अशा रीतीने आतल्या भिंतीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच उष्णतेचा मोठा अंश वाटेतूनच माघारी जातो. या व्यवस्थेत यंत्र नाही, वीज नाही, पंखा नाही. पण ती किती नाजूक आहे हेही ध्यानात घेतले पाहिजे. तीन मीटर उंचीच्या भिंतीत, पोकळीतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी अधिक तापली, तर तिला वर ढकलणारा दाब जेमतेम एका पास्कलच्या घरात असतो. मेजावर पडलेल्या लिहिण्याच्या एका कागदाचा मेजावर जेवढा भार पडावा तेवढाच. एखाद्या पाखराचे घरटे, गवंड्याने निष्काळजीपणे सोडलेला चुन्याचा गोळा, तळाशी रचलेली लाकडे यांतले काहीही हा प्रवाह अडवण्यास पुरेसे आहे, आणि प्रवाह अडला की उष्णता पोकळीतच कोंडून राहते. शिवाय बाहेरची हवाच पंचेचाळीस अंशांवर गेली असेल तर पोकळीतून फिरणारी हवा भिंतीला त्याच्या खाली नेऊ शकत नाही. सूर्याचा भार ती उतरवते, हवेचा भार उतरवणे तिच्या शक्तीबाहेर आहे. आणि हे मान्य करूनच पुढचा विचार करणे प्रामाणिकपणाचे होईल.

वऱ्हाड-नागपूर प्रांतातल्या जुन्या घरांना ही युक्ती सर्वस्वी अपरिचित होती असे मात्र कोणी समजू नये. कापूस आणि तूर ही ज्या मुलखाची पिके, तेथे उलंगवाडी झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या घराशी येऊन पडतात. त्यांचा कूड होतो, कुंपण होते आणि उरल्यासुरल्याचे सरपण होते. कूड शेणामातीने लिंपला की ती भिंत, न लिंपता भिंतीपासून हातभर दूर उभा केला की ते उन्हाला अडवणारे आणि वाऱ्याला वाट देणारे दुसरे कवच. कवेलूंच्या छपराची गोष्ट अशीच आहे. एकावर एक रचलेल्या कवेलूंच्या फटींमधून छपराखालची तापलेली हवा निसटून जाते, आणि ते छप्पर स्वतः तापले तरी सिमेंटच्या स्लॅबसारखे मध्यरात्रीपर्यंत सूड उगवत बसत नाही. सपरी, ओसरी, अंगणातला मांडव, दारावर वाळ्याची ताटी, या साऱ्यांमागे एकच समज होती: उष्णतेला घराच्या देहापर्यंत पोहोचू देण्यापूर्वी तिला सावलीत अडवावे आणि वाऱ्याच्या स्वाधीन करावे.

या समजेला जाणीवपूर्वक व्रताचे रूप दिले गेले ते याच जिल्ह्यात. 30 एप्रिल 1936 रोजी, म्हणजे उन्हाळा ऐन भरात असताना, गांधीजी मगनवाडीहून पायी चालत सेगावास गेले. सेगावची मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती, आणि तेथे उभारावयाच्या निवासासाठी गांधीजींची अट अशी की खर्च पाचशे रुपयांच्या वर जाऊ नये व सामान आणि हात आसपासच्या गावांतलेच असावेत. पुढे जी बापूकुटी म्हणून प्रसिद्धीस आली ती मुळात मीराबहन यांनी स्वतःसाठी बांधली होती. मातीच्या भिंती, त्यांवर त्यांनी स्वहस्ते उठवलेली ओंकाराची आणि ताडवृक्षांची चित्रे, कवेलूंचे छप्पर, बांबूचे काम, आणि भिंतींवर ऊन पडू न देणारी छाया. सेगावचे सेवाग्राम झाले ते 1940 साली. 1978 मध्ये इव्हान इलिच हा पाश्चात्य विचारवंत त्या कुटीत बसून गेला आणि त्या लहानशा वास्तूने आपल्याला काय शिकवले यावर त्याने सेवाग्रामातच भाषण केले. तेथे जाणारे पुष्कळजण कुटीचे दारिद्र्य पाहून भारावतात. मला तिथे अधिक दिसते ती बुद्धी. एवढ्या कडक मुलखात, एवढ्या थोड्या खर्चात, उन्हाशी वैर न करता त्याला बाहेर ठेवण्याची तजवीज ज्या घरात झाली आहे, ते घर कष्टांची हौस म्हणून बांधलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वेदान्तात घटाकाश आणि महाकाश यांचा दृष्टान्त सुप्रसिद्ध आहे. घटातली पोकळी घटापुरती वाटते, घट फुटला की ती मुळातच वेगळी नव्हती हे कळते. घराच्या भिंतींनी मर्यादित झालेले मठाकाशही तसेच. गौडपादाचार्यांनी आपल्या कारिकांच्या अद्वैत प्रकरणात या दृष्टान्ताचा एक सूक्ष्म उपयोग केला आहे. आक्षेप असा, की आत्मा जर सर्वांत एकच असेल तर एकाच्या सुखदुःखाने सर्वांनी सुखी-दुःखी व्हावयास हवे. त्यावर आचार्यांचे समाधान असे, की एका घटातल्या पोकळीत धूळ किंवा धूर भरला म्हणून अन्य घटांतल्या पोकळ्या मलिन होत नाहीत. तद्वत् एका जीवाच्या सुखदुःखाचा लेप दुसऱ्याला लागत नाही. तत्त्वज्ञानाच्या भूमिकेवर हे उत्तर निर्दोष आहे, कारण आकाश असंग आहे आणि त्याला खरे तर कोणत्याच घटात धूर लागत नाही. परंतु हाच दृष्टान्त आपण व्यवहारात उतरवू लागलो, आणि माझ्या खोलीतला धूर माझा, तुझ्या खोलीतला तुझा, असे म्हणू लागलो, तर मोठा अनर्थ होतो. कारण घरात जे भरलेले असते ते आकाश नसते, वायू असतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या सृष्टिक्रमात आकाशापासून वायू उत्पन्न होतो, वायूपासून अग्नी. आणि शास्त्रकारांनी आकाशाचा विशेष गुण शब्द मानला तर वायूचा स्पर्श. आकाश कोणाला शिवत नाही. वायू सर्वांना शिवतो, न विचारता शिवतो, आणि ज्या समाजाने माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला त्या समाजातल्या उंच वाड्यात आणि गावकुसाबाहेरच्या झोपडीत तोच फिरत असतो.

मनुष्य आत्म्याच्या दृष्टीने आकाशासारखा असंग असेल. पण ज्या क्षणी तो घर बांधतो त्या क्षणी तो वायूच्या राज्यात पाऊल टाकतो, आणि तेथे असंगता हा गुण राहत नाही, ती बेजबाबदारी होते. माझे सारे म्हणणे एवढेच आहे. अद्वैताच्या नावाने पुष्कळांनी व्यवहारातली आपली देणी बुडवली आहेत. शीतलतेचे देणे त्यांपैकीच एक आहे.

वातानुकूलन यंत्राचा हिशेब मांडून पाहिला तर हे स्पष्ट होते. ते यंत्र थंडी निर्माण करीत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकते. साधारणतः तीन भाग उष्णता बाहेर काढावयास ते एक भाग वीज खाते, आणि ती वीजही शेवटी उष्णताच होऊन बाहेर पडते. म्हणजे खोलीतून तीन भाग गेले तर गल्लीत चार भाग आले. विदर्भातली वीज मुख्यत्वे कोळशाची. कोळशाच्या केंद्रात एक भाग वीज होण्यासाठी सुमारे दोन भाग उष्णता चिमणीतून आणि शीतकरणाच्या मनोऱ्यांतून वाया जाते. म्हणजे आणखी दोन भाग, समजा, चंद्रपूरला गेले, जेथे 2920 मेगावॅट क्षमतेचे औष्णिक केंद्र आहे आणि ज्या शहराचा उन्हाळा देशभर कुख्यात आहे. खोलीतल्या तीन भागांच्या गारव्यासाठी जगात सहा भाग उष्णता सोडली गेली, आणि ती सोडणाऱ्याने खिडकी लावून घेतली. शेजारचा घट त्याला दिसत नाही, म्हणून आपला धूर तेथे पोहोचला नाही असे तो समजतो.

हवेशीर भिंतीचा हिशेब निराळा आहे. सूर्याने त्या जागेवर जेवढी उष्णता टाकली तेवढीच ती वाऱ्याला परत करते, आपल्या पदरची एक मात्राही त्यात मिसळत नाही. भिंत नसती तर तीच उष्णता मातीने घेतली असती आणि मातीने वाऱ्याला दिली असती. गांधीजींनी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर जी पत्रे लिहिली, त्यांत अस्तेयाचा अर्थ फार कठोर केला आहे: आपल्याला ज्याची गरज नाही ते घेणे, देणाऱ्याच्या संमतीने घेतले तरी, चोरीच आहे असा त्यांचा भाव आहे. त्यांनी वस्तू घेण्याविषयी सांगितले. मला वाटते, नको असलेली वस्तू दुसऱ्याच्या अंगणात टाकण्यालाही तोच न्याय लागू करावा लागेल. आपली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीखाली ओतणे हे अस्तेयाच्या व्रताचे उल्लंघन आहे, आणि हे उल्लंघन कायद्याच्या कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही म्हणून ते व्रताच्या कक्षेतच येते.

या प्रसंगी छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातील रैक्वाची कथा मला नेहमी आठवते. जानश्रुती नावाचा एक दानशूर राजा होता. सर्व लोकांनी आपल्याकडचेच अन्न खावे या इच्छेने त्याने चहूकडे धर्मशाळा बांधविल्या होत्या. त्याला कळते की आपल्याहूनही मोठा असा कोणी रैक्व आहे. शोध घेतला तेव्हा तो सापडतो एका गाडीच्या खाली, खरूज खाजवीत बसलेला. राजा सहाशे गायी, कंठा आणि रथ घेऊन येतो, रैक्व त्याला हीनत्वाचे संबोधन देऊन परत पाठवतो. राजा पुन्हा येतो, या वेळी सहस्र गायी, आपली कन्या आणि ते गावही घेऊन, तेव्हा रैक्व त्याला विद्या देतो. ती विद्या अशी, की वायू हा सर्वांना आपल्यात सामावून घेणारा आहे: अग्नी विझतो तेव्हा वायूत जातो, सूर्य अस्तास जातो तेव्हा वायूत जातो, चंद्र मावळतो तेव्हा वायूत जातो, पाणी आटते तेव्हा वायूत जाते, आणि देहात हेच कार्य प्राण करतो.

भाष्यकारांनी या कथेतून उपासनेचा विचार काढला आहे आणि तो योग्यच आहे. पण घरांचा विचार करणाऱ्याने तिच्यातली मांडणीही पाहावी. ज्याने देशभर छप्परे उभारली तो शिष्य आहे, आणि जो गाडीच्या सावलीत, चारही बाजूंनी वारा खेळत असलेल्या जागी बसला आहे तो गुरू. राजाच्या धर्मशाळांना दोष देण्याचे कारण नाही. भुकेल्याला अन्न आणि वाटसरूला आसरा मिळत होता. तरी त्याच्या दानात एक उणीव होती, आणि ती उपनिषदाने पहिल्याच वाक्यात दाखवली आहे: सर्वांनी माझेच अन्न खावे. आसरा देतानाही त्याच्या मनात आपली सीमा होती. वायूला अशी सीमा नाही. अग्नी, सूर्य, चंद्र, पाणी यांपैकी कोणाचे देणे कोणाच्या नावावर लिहावे हे तो विचारीत नाही, तो घेतो आणि वाहून नेतो. आणि ज्याच्या उदरात सर्वांचे देणे जमा होते त्याच्यावर किती भार टाकावा याचा विवेक टाकणाऱ्यालाच ठेवावा लागतो, हे शिकण्यासाठी त्या राजाला आपले धर्मशाळांचे पुण्य बाजूला ठेवून गाडीखाली वाकावे लागले.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. व्रताची भाषा सुखवस्तूने बोलावी हे एक. पण टिनाच्या खोलीत तापाने फणफणलेले लेकरू असेल, किंवा उन्हाचा झटका बसलेला मजूर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणला असेल, तर त्याच्यापुढे अस्तेयाचे प्रवचन करणे क्रूरपणाचे होईल. हा आक्षेप मला पूर्णतः मान्य आहे. व्रत हे समर्थाने घ्यावयाचे असते, आणि दुसऱ्याच्या देहावर लादले की ते व्रत राहत नाही, हुकूम होतो. रुग्णाला, वृद्धाला, प्रसूतेला यंत्राने मिळणारा गारवा अवश्य मिळावा. त्यासाठी वायूवर जो भार पडेल तो सर्वांनी वाटून घ्यावा. पण हेच मान्य केल्यावर उरलेल्यांवरचे कर्तव्य अधिक कडक होते, कारण ज्यांना भिंतीने, सावलीने आणि वाऱ्याने काम भागवता येते त्यांनी ते भागवले तरच ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी जागा उरेल. शासनानेही 2018 साली निवासी इमारतींच्या ऊर्जाबचतीसाठी इको निवास संहिता काढली, तीत भिंती-खिडक्यांवाटे आत शिरणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरमागे 15 वॅटची मर्यादा घातली आहे. थंड मुलूख तेवढा वगळला. संहिता मुख्यतः मोठ्या वसाहतींकडे पाहून लिहिलेली आहे. आंजीच्या घरकुलापर्यंत तिचा अंमल पोहोचत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय सोडणे धोक्याचे होईल. 14 जून 2017 रोजी लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीला आग लागली आणि 72 माणसे मृत्युमुखी पडली. त्या इमारतीला काही काळापूर्वीच बाहेरून नवे कवच चढवण्यात आले होते. अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीनचा थर होता, आत जळणारे उष्णतारोधक द्रव्य होते, आणि मध्ये पोकळी होती. जो वायू तापून वर चढतो म्हणून ती पोकळी भिंतीला थंड ठेवते, तोच वायू त्या रात्री ज्वाळेला मजल्यामागून मजले वर घेऊन गेला. वायूपासून अग्नी, हा सृष्टिक्रम तेथे फार भयानक रीतीने प्रत्ययास आला. त्या घरांत राहणारे बहुतेक साधे, अल्प उत्पन्नाचे लोक होते, आणि कवचासाठी कोणते द्रव्य वापरावे हे ठरवणारे तेथे राहत नव्हते. वायूला वाट करून देणाऱ्याने अग्नीचाही विचार करावयाचा असतो. पऱ्हाट्यांच्या गंजी आणि गवताची छप्परे उन्हाळ्यात पेटताना ज्यांनी पाहिली आहेत त्या आपल्या खेड्यांतल्या लोकांना हे निराळे सांगावे लागू नये.

म्हणून आंजीसारख्या गावात या विचाराचे प्रत्यक्ष रूप काय असावे हे शेवटी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. पंतप्रधान आवास योजनेत सपाट मुलखातल्या ग्रामीण घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात आणि घर किमान 25 चौरस मीटरचे असावे असा दंडक आहे. एवढ्यात चार भिंती आणि वर स्लॅब किंवा टिन उभे राहते, आणि पश्चिमेच्या भिंतीची सावली कोणाच्या अंदाजपत्रकात येत नाही. ती यावी. वर्ध्याला देवेंद्रकुमार यांनी 1976 साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले आणि माती, बांबू व भाजलेल्या मातीच्या पुंगळ्या यांनी स्वस्त, टिकाऊ घरे कशी बांधता येतात यावर तेथे मोठे काम झाले. म्हणजे विद्या बाहेरून आणावयाची नाही, ती तालुक्यातच आहे. पश्चिमेच्या भिंतीबाहेर वीतभर अंतरावर बांबूचा सांगाडा रोवून त्यावर तट्टे बांधावे, तळाशी हातभर आणि माथ्याशी वळचणीच्या खाली जागा मोकळी ठेवावी, पावसाळ्यात पाणी आत मुरू नये म्हणून वळचण पुढे काढावी, स्लॅबवर चुना लावून त्यावर उंच धरलेली सावली करावी. या कामाला गवंडी लागतो, सुतार लागतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीतले पाच-सहा दिवस लागतात. आगीच्या भयास्तव तट्ट्याला दोन्ही अंगांनी शेणामातीचा लेप द्यावा, तो छपराला भिडू देऊ नये, आणि चुलीचा धूर किंवा विजेची तार त्या पोकळीतून कधीही नेऊ नये, हे तीन नियम ग्रामपंचायतीने ठरावात घालून प्रत्येक घरकुलधारकाला काम सुरू होण्यापूर्वी वाचून दाखवावेत.